पाणी गिळणाऱ्या पठारावरून सायकलने

दक्षिण फ्रान्समधील मियो हे शहर टार्न आणि दूर्बी या दोन नद्यांच्या संगमावर, उभ्या कड्यांच्या कुशीत वसलेले आहे. शहराच्या पश्चिमेला टार्नच्या खोऱ्यावरून एक महाकाय पूल जातो. डिसेंबर २००४ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा पूल २,४६० मीटर लांब असून त्याच्या सर्वांत उंच खांबाचे टोक ३४३ मीटरवर पोहोचते. मोटारगाडी हे खोरे जेमतेम दीड मिनिटात ओलांडते. पुलावरून द्रुतगती महामार्ग जात असल्याने सायकलींना तेथे प्रवेश नाही. सायकलस्वाराला जुन्याच वाटेने जावे लागते. आधी नदीपर्यंत उतरायचे, मग घाट चढून पठारावर यायचे, पठार संपले की पुन्हा उतरायचे. मियोहून निघून मियोलाच परत येणारी अशी सुमारे अडीचशे किलोमीटरची फेरी पाच दिवसांत आरामात पूर्ण होते. एरवी ओसाड वाटणारा हा प्रदेश उभा कसा राहिला आणि कोणी राखला, हे त्या पाच दिवसांच्या चढउतारात उमगत जाते.

चार पठारे, तीन नद्या

या पठारांना स्थानिक भाषेत ‘कोस’ म्हणतात. मराठी वाचकाला अंतर मोजण्याचा जुना कोस आठवेल. पण दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. या शब्दाचे नाते चुन्याच्या लॅटिन नावाशी सांगितले जाते आणि ते सार्थ आहे, कारण सारा प्रदेश चुनखडीचा आहे. ज्युरासिक कालखंडात, म्हणजे सुमारे २० ते १५ कोटी वर्षांपूर्वी, येथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचे शेकडो मीटर जाडीचे थर पुढे भूगर्भातील हालचालींमुळे उचलले गेले आणि नद्यांनी ते कापून काढले.

नकाशावर हे गणित अगदी सोपे दिसते. उत्तरेला सोव्हतेरचे पठार, त्याच्या दक्षिणेला मेझाँचे, मग न्वार आणि सर्वांत खाली लार्झाक. सोव्हतेर व मेझाँ यांच्यामधून टार्न वाहते, मेझाँ व न्वार यांच्यामधून जोंत आणि न्वार व लार्झाक यांच्यामधून दूर्बी. घळयांची खोली बहुतेक ठिकाणी चारशे ते पाचशे मीटर भरते. सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की एका पठारावरून दुसऱ्यावर जाताना तेवढे उतरावे लागते आणि तेवढेच पुन्हा चढावे लागते.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. पठारांवर एकही नदी वाहत नाही. मग घळयांतून बारमाही वाहणाऱ्या या नद्या आल्या कोठून? टार्नचा उगम पूर्वेकडील माँ लोझेर या ग्रॅनाइटच्या डोंगरावर आहे. ग्रॅनाइटमधून पाणी सहजासहजी झिरपत नाही. ते पृष्ठभागावरून वाहते. नदी चुनखडीच्या प्रदेशात शिरते तेव्हा तिच्यात तो प्रदेश पार करण्याइतके पाणी आधीच असते. वाटेत तिला मिळणारे पाणी मुख्यतः कड्यांच्या पायथ्याशी फुटणाऱ्या झऱ्यांचे असते.

घळईतला दिवस

फेरीचा पहिला दिवस सोपा असतो. मियोहून टार्नच्या काठाने वर गेले की वीसेक किलोमीटरवर ल रोझिए हे गाव लागते. तेथे जोंत नदी टार्नला मिळते. तेथून सँत-एनिमीपर्यंतचा सुमारे ३५ किलोमीटरचा रस्ता घळईच्या तळातून जातो. चढ हलका आहे. वाटेत खडकात खोदलेले छोटे बोगदे आहेत. त्यांसाठी दिवसाही सायकलला दिवा असलेला बरा. हा रस्ता होण्यापूर्वी घळईतून प्रवास करायचा तो नावेनेच. ला मालेन गावचे नावाडी आजही पर्यटकांना सपाट तळाच्या नावांतून नदीच्या सर्वांत अरुंद भागातून नेतात.

सँत-एनिमी हे मध्ययुगीन गाव मठाभोवती वाढले. गावाच्या नावामागे एका राजकन्येची आख्यायिका आहे. कुष्ठरोगाने ग्रासलेली ही राजकन्या येथील बुर्ल नावाच्या झऱ्यात स्नान करून बरी झाली, असे सांगतात. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी गाव येथेच का वसले, याचे उत्तर त्या झऱ्यात मिळते. वरच्या पठारावर पडलेला पाऊस खडकांच्या भेगांतून खाली उतरतो आणि अशा झऱ्यांच्या रूपाने पुन्हा उजेडात येतो. जेथे झरा, तेथे मठ, गाव, गिरणी आणि मळे. घळयांच्या तळाशी वस्ती दाट का आणि माथ्यावर इतकी विरळ का, हे त्यावरून कळते.

पठारावर आल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव सोडताच मेझाँचा घाट सुरू होतो. उन्हाळ्यात तो ऊन चढण्यापूर्वीच पार करावा. सामान लादलेल्या सायकलीवर अशा घाटात ताशी सात-आठ किलोमीटरपेक्षा अधिक वेग क्वचितच मिळतो. म्हणूनच येथे वेगापेक्षा गिअरचा विचार आधी करावा लागतो. पुढच्या लहान दातेरी चक्राला तीसच्या आसपास आणि मागच्या मोठ्या चक्राला ३२ ते ३४ दाते असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक साधारण एकदाच फिरते आणि गुडघ्यांवर ताण न येता चढ निघतो. पर्यटनासाठी अनेक गिअरची सायकल वापरावी, हा आग्रह फ्रान्समध्ये सर्वप्रथम धरणाऱ्यांत सँत-एतिएन शहराचे पॉल द व्हिव्ही यांचे नाव अग्रभागी आहे. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे हे संपादक १९३० मध्ये वारले. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला ‘टूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीत परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. पर्यटक सायकलस्वार ती कितीतरी आधीपासून वापरत होते.

घाट संपताच दृश्य एकदम पालटते. सुमारे एक हजार मीटर उंचीवर गवताचा अथांग माळ पसरलेला असतो. झाड क्वचित दिसते, घर त्याहून क्वचित. मे-जूनमध्ये पिसांसारखे तुरे असलेले गवत वाऱ्यावर लहरत असते आणि रानऑर्किड फुललेली असतात. रस्ता सरळ, वाहने तुरळक. मधूनच जमिनीत मोठी वाटी दाबून ठेवावी तसे खोलगट भाग दिसतात आणि नेमकी तेथेच तांबडी माती व हिरवी शेते असतात. चुनखडी पाण्यात विरघळते, पण तिच्यातील माती विरघळत नाही. ती मागे उरते आणि पावसाबरोबर वाहत या वाट्यांमध्ये साचते. पठारावरची शेती प्रामुख्याने या वाट्यांमध्ये होते; बाकीचा माळ चराईचा.

पाणी जाते कोठे, हे पाहायचे असेल तर मेझाँवरच्या ‘आव्हाँ आर्माँ’ या गुहेत उतरावे. १८९७ मध्ये ल रोझिएचे लोहार लुई आर्माँ यांना जमिनीत एक विवर आढळले. गुहासंशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांच्यासह केलेल्या शोधमोहिमेत त्या विवराखाली एक विशाल दालन असल्याचे उघड झाले. छतातून थेंब थेंब ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना साचून तेथे सुमारे चारशे स्तंभ उभे राहिले आहेत. त्यांतील सर्वांत उंच स्तंभ ३० मीटरचा आहे. वरचा माळ कोरडा ठणठणीत आणि त्याच्या पोटात पाण्याने घडवलेला हा स्तंभांचा मांडव, असा विरोधाभास तेथे पाहायला मिळतो.

टाकी आणि तळी

पठारावर राहणाऱ्या माणसांनी पाण्याचा हा प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवला. माणसांसाठी त्यांनी छपरावर पडणारे पाणी घराखालच्या टाक्यांत साठवले. सह्याद्रीतील गडांवरची पाण्याची टाकी पाहिलेल्यांना ही युक्ती परिचयाची वाटेल. मेंढ्यांसाठी त्यांनी खोलगट जागी तळी बांधली. ‘लाव्होन्य’ या नावाने ओळखली जाणारी ही तळी गोल आणि उथळ असतात. तळाला चिकणमाती आणि बहुधा वर दगडी फरसबंदी. काठ सर्व बाजूंनी उतरता असल्याने शेकडो मेंढ्या एकाच वेळी तोंड लावू शकतात. सायकलस्वाराने मात्र हे पाणी पिऊ नये. दोन-तीन लिटर पाणी जवळ बाळगावे आणि प्रत्येक गावात बाटल्या भरून घ्याव्यात. पुढचे गाव नकाशावर दिसते तितके जवळ नसते.

घरांच्या बांधणीवरही कोरड्या माळाचा ठसा आहे. तुळयांसाठी चांगले लाकूड दुर्मिळ होते, म्हणून घरे दगडी कमानींवर उभारली गेली. छपरावर चुनखडीच्या जाड फरश्या, तळमजल्यावर मेंढवाडा, त्याच्या वर माणसांचे बिऱ्हाड आणि तेथे जाण्यासाठी बाहेरून दगडी जिना, अशी ही रचना असते. कित्येक दारांवर सूर्यासारखे दिसणारे मोठे काटेरी फूल खिळ्याने ठोकलेले आढळते. हवेत ओल वाढली की ते मिटते. त्यामुळे ते हवामानाचा अंदाज देते, अशी लोकांची धारणा आहे.

मेझाँवरून मेरुएसला उतरले की तिसऱ्या दिवशी जोंतच्या काठाने एकवीस किलोमीटरची सुखद उतरण लागते. तेथे कड्यांच्या वर हमखास गिधाडे घिरट्या घालताना दिसतात. १९४०च्या दशकात ती या प्रदेशातून नाहीशी झाली होती. १९८१ पासून पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडे येथे सोडण्यात आली आणि आज या कड्यांमध्ये त्यांच्या शेकडो जोड्या घरटी करतात. गिधाडांना खाद्य हवे आणि ते मेलेल्या मेंढ्यांच्या रूपाने मिळते. जनावरांच्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे भारतातील गिधाडांचा झालेला संहार आणि त्यानंतर २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर आलेली बंदी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या घिरट्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

तटबंदीतली गावे

तिसऱ्या दिवसाच्या उत्तरार्धात न्वारचे पठार ओलांडून दूर्बीच्या घळईत उतरायचे आणि चौथ्या दिवशी नाँ गावावरून लार्झाकवर चढायचे. सुमारे एक हजार चौरस किलोमीटरचे हे पठार चारांमध्ये सर्वांत मोठे. बाराव्या शतकात टेम्पलर या ख्रिस्ती योद्धा-साधूंच्या संघाने येथे जम बसवला. पवित्र भूमीतील मोहिमांसाठी त्यांना पैसा, घोडे आणि धान्य हवे असे. लार्झाकची कुरणे त्यांच्या उपयोगी पडली. सँत-उलाली हे त्यांचे मुख्य ठाणे आणि ला कुव्हेर्त्वाराद येथे त्यांचा किल्ला. १३१२ मध्ये पोपने हा संघ विसर्जित केला आणि त्याची मालमत्ता हॉस्पिटलर या दुसऱ्या संघाकडे गेली. ला कुव्हेर्त्वारादचा आज दिसणारा तट आणि बुरूज हॉस्पिटलरांनी पंधराव्या शतकात, शंभर वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत बांधले. भटक्या सैनिकांच्या टोळ्यांपासून गावाला आणि कळपांना वाचवणे, हा त्यामागचा हेतू होता.

संध्याकाळी पर्यटकांच्या बसगाड्या निघून गेल्यावर या गावात शिरावे. दगडी गल्ल्या, बाहेरचे जिने, कमानीखालचे मेंढवाडे आणि तटाबाहेरचे गोल तळे हे सारे एकाच पोटापाण्याच्या व्यवस्थेचे भाग आहेत, हे तेव्हा स्पष्ट दिसते. या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी मेंढी आहे. लार्झाकवरच्या लाकोन जातीच्या मेंढ्यांचे कच्चे दूध रॉकफोर या निळ्या बुरशीच्या चीजसाठी जाते. हे चीज किमान ९० दिवस मुरवावे लागते. त्यातील काही काळ ते रॉकफोर गावाखालच्या गुहांत ठेवलेच पाहिजे, असा नियम आहे. खडकातील नैसर्गिक भेगांतून खेळणारी थंड, दमट हवा तेथे बुरशीला पोसते. १९२५ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालेले हे फ्रान्समधील पहिले चीज.

मेंढ्या नसतील तर काय होईल, याचे उत्तर माळाच्या कडेला दिसते. जेथे चराई थांबली, तेथे झुडपे आणि पाइन वाढून गवत झाकले जाते; गवताबरोबर तेथील फुले, कीटक आणि पक्षीही जातात. पाहुण्याला निसर्गदत्त वाटणारा हा मोकळा माळ हजारो वर्षांच्या चराईने घडवलेला आणि टिकवलेला आहे. २०११ मध्ये युनेस्कोने कोस आणि शेजारच्या सेव्हेन डोंगरांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तो याच पशुपालक संस्कृतीसाठी.

वर्ध्याशी जुळलेला धागा

हा माळ एकदा हातातून जाण्याच्या बेतात होता. ला काव्हालरी गावाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे तीन हजार हेक्टरची लष्करी छावणी आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये ती १७ हजार हेक्टरपर्यंत वाढवण्याचा निर्णय फ्रेंच सरकारने जाहीर केला. शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांच्या जमिनी त्यात जाणार होत्या.

या शेतकऱ्यांच्या मदतीला जे आले, त्यांच्यात लांझा देल व्हास्तो होते. इटलीत जन्मलेले हे तत्त्वचिंतक १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींजवळ राहिले होते. गांधीजींनी त्यांना ‘शांतिदास’ हे नाव दिले होते. पुढे त्यांनी फ्रान्समध्ये आश्रमाच्या धर्तीवर एक समुदाय स्थापन केला आणि १९६३ पासून तो लार्झाकच्या जवळच नांदत होता. मार्च १९७२ मध्ये त्यांनी ला काव्हालरी येथे पंधरा दिवसांचे उपोषण केले. उपोषणाच्या अखेरीस, २८ मार्च रोजी, १०३ शेतकऱ्यांनी आपली जमीन लष्कराला विकणार नाही अशी शपथ घेतली.

पुढची दहा वर्षे लढा चालला, तो मुख्यतः अहिंसेच्या मार्गाने. शेतकऱ्यांनी पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याखाली मेंढ्या चरायला सोडल्या. ट्रॅक्टर घेऊन ते राजधानीकडे निघाले. १९७८ मध्ये लार्झाक ते पॅरिस हे सातशे किलोमीटरहून अधिक अंतर त्यांनी पायी कापले. ला ब्लाकिएर येथे परवाना नसताना, देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांच्या श्रमदानातून त्यांनी दगडी मेंढवाडा उभारला. हा मेंढवाडा आजही लार्झाकवर उभा आहे. अखेर १९८१ मध्ये फ्रान्स्वा मितेराँ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर विस्ताराची योजना रद्द झाली.

त्यानंतरची व्यवस्था अधिक विचार करण्याजोगी आहे. सरकारने विस्तारासाठी खरेदी केलेली सुमारे ६,३०० हेक्टर जमीन १९८५ मध्ये शेतकऱ्यांच्या सामाईक संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली; २०१३ मध्ये ही मुदत २०८३ पर्यंत वाढवण्यात आली. या जमिनीवर शेतकरी निवृत्तीपर्यंत कसतो, मग ती दुसऱ्या होतकरू कुटुंबाकडे जाते. जमीन विकता येत नाही, वारसाहक्काने मुलांच्या नावे करता येत नाही. त्यामुळे वडिलोपार्जित जमीन नसलेल्या तरुणांनाही येथे मेंढ्या पाळून उभे राहता आले. मूळ छावणी मात्र आजही तेथेच आहे. पाचव्या दिवशी ला काव्हालरीकडे जाताना एका अंगाला लष्कराचे सूचनाफलक आणि दुसऱ्या अंगाला चरणारे कळप, असे दृश्य सायकलस्वाराला दिसते.

निघण्यापूर्वी

या फेरीसाठी मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये टार्नच्या घळईत मोटारींची गर्दी होते आणि पठारावर सावली मिळत नाही. हिवाळ्यात माथ्यावर बर्फ आणि बोचरा वारा असतो. वारा इतर ऋतूंतही जोरात वाहू शकतो. समोरून आला तर सपाट माळही घाटासारखा वाटतो. म्हणून दिवसाला ४५ ते ६० किलोमीटरचाच बेत ठेवावा. पठारावर दुकाने फारशी नसल्याने दिवसभराचे खाणे घळईतल्या गावातूनच घ्यावे. मियोपर्यंत रेल्वेने येता येते. उतारांवर वळणे तीव्र आहेत, तेव्हा ब्रेक आधी तपासून घ्यावेत. माळावर कळप दिसला तर सायकलवरून उतरून थांबावे. राखणीची कुत्री आपले काम चोख करतात.

ला काव्हालरीहून सँत-उलाली, तेथून सेर्नाँ नदीच्या खोऱ्याने रॉकफोर आणि मग मियो, असा शेवटचा टप्पा आहे. परतताना तो उंच पूल पुन्हा दिसतो, या वेळी खालून. शहरात पोहोचल्यावर रिकाम्या बाटल्या नळावर भराव्यात. मियोला पाणी मिळते ते दूर्बीच्या खोऱ्यातील एस्पेरेल या झऱ्याचे आणि त्या झऱ्यात येते ते लार्झाकवर पडलेले पावसाचे पाणी. चुनखडीच्या भेगांतून ते वेगाने उतरते. वाटेत फारसे गाळले जात नाही. माळावर जे सांडेल, ते शहराच्या नळापर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे वरच्या कुरणांत मेंढ्या चरतात की आणखी काही घडते, याच्याशी खालच्या शहराचाही रोजचा संबंध आहे.